कोट्यवधी सोडले, म्हणजे नक्की काय सोडले?

प्रश्न : आमच्या शेजारच्या जैन कुटुंबातली चोवीस वर्षांची मुलगी नुकतीच साध्वी झाली. सीए झालेली, घरचा कापडाचा व्यापार, एमटी क्लॉथ मार्केटात दुकान. मिरवणूक निघाली तेव्हा नवरीसारखी नटली होती आणि दोन्ही हातांनी वस्तू उधळत होती. दुसऱ्या दिवशी पाहिले तर डोक्यावर केस नाहीत आणि अंगावर पांढरी वस्त्रे. सगळे म्हणतात, कोट्यवधींवर लाथ मारली. मग ते कोट्यवधी गेले कुठे? एवढ्या लहान वयात हे सुचते कसे? उद्या तिला वाटले की नको हे, तर काय? आणि एक छोटी शंका : ती आता आमच्या घरी येऊ शकते का?
— एक वाचक भगिनी, रामबाग, इंदूर

उत्तर : ताई, तुम्ही चार प्रश्न विचारलेत, पण पत्रात आणखी एक न विचारलेला प्रश्न मला दिसतो : घरचे लोक रडण्याऐवजी बँड कसा लावतात? खरा गोंधळ तिथेच आहे आणि तो आपल्या मराठी मनाचा आहे. घर सोडण्याच्या ज्या गोष्टी ऐकत आपण वाढलो, त्यांत घर सोडणारा चोरून जातो. रामदास मंगलाष्टकातल्या ‘सावधान’वर बोहल्यावरून पळाले म्हणतात. ज्ञानेश्वरांचे वडील विठ्ठलपंत काशीला गेले आणि बायको आहे हे गुरूंपासून लपवून संन्यास घेऊन बसले. दुसरीकडे वारकरी संतांनी प्रपंचात राहूनच विठ्ठल गाठायला शिकवले. एकनाथांचे घर तर माणसांनी भरलेले. त्यामुळे कोणी घर सोडले की आपण आधी विचारतो, घरात काही बिनसले होते का?

जैन दीक्षेत क्रम उलटा आहे. तिथे घरच्यांची संमती नसेल तर सहसा गुरूच नकार देतात. श्वेतांबर परंपरा सांगते की खुद्द महावीरांनी आईवडील हयात असेपर्यंत घर सोडले नाही आणि त्यांच्या पश्चात थोरल्या भावाचा शब्दही राखला. तीस वर्षांचे झाल्यावर ते निघाले. त्यामुळे शेजारी जे पाहिलेत ते पळून जाणे नव्हते, पाठवणी होती. आपल्याकडे याला जवळची गोष्ट एकच आठवते, श्रावणात नवनाथांच्या पोथीत येणारी गोपीचंदाची. तिथे मुलाला राज्य सोडायला सांगते ती त्याची आईच, मैनावती. पोथी ऐकताना आपण माना डोलावतो. शेजारच्या घरात तीच गोष्ट घडली की चहाचा कप हातात तसाच राहतो!

आता पैशाचे. ही गाठ सर्वांत सोपी आहे.

‘शंभर कोटी सोडले’ असे आपण वाचतो तेव्हा तो आकडा बहुतेक वेळा कुटुंबाच्या सगळ्या धंद्याचा, जमिनीचा, मालाचा मिळून अंदाज असतो. चोवीस वर्षांच्या मुलीच्या नावावर काय असते? बचत खाते, थोडे शेअर, अंगावरचे दागिने, फार तर पेढीत भागीदारी. दीक्षेचा मुहूर्त ठरला की हे आवरायला घेतात. भागीदारीतून निवृत्ती, बक्षीसपत्र, खाते बंद. काही दान होते, बरेचसे भावंडांकडे किंवा आईवडिलांकडे जाते. जवळच्या नात्यातल्या अशा बक्षिसावर घेणाऱ्याला आयकर भरावा लागत नाही, हे व्यापारी घराला वेगळे सांगावे लागत नाही. सोमवारी दुकान नेहमीसारखे उघडते. संपत्ती नाहीशी होत नाही, फक्त त्या यादीतले एक नाव कमी होते.

ज्यांनी खरोखर स्वतः कमावलेले सोडले असेही लोक आहेत. दिल्लीतले प्लास्टिकचे मोठे व्यापारी भंवरलाल दोशी यांनी २०१५ मध्ये अहमदाबादेत दीक्षा घेतली. पण ते तेव्हा साठीच्या उंबरठ्यावर होते आणि साम्राज्य त्यांनीच उभे केले होते. ‘अमक्याने धंदा सोडला’ हे वाक्य त्यांच्याबाबत अक्षरशः खरे आहे. चोवीस वर्षांच्या मुलीबाबत मात्र ‘वारसा सोडला’ म्हणणे जास्त बरोबर.

मग ती उधळण? तिला वर्षीदान म्हणतात. दीक्षेपूर्वी महावीरांनी वर्षभर रोज दान केले अशी कथा आहे, तिची ही आठवण. रथातून किंवा पालखीतून तांदूळ, नाणी, कपडे, छोट्या वस्तू उधळतात आणि लोक त्या प्रसाद म्हणून जपून ठेवतात. तिजोरी रिकामी करण्याचा हा मार्ग नव्हे. आपल्याकडे मुलगी सासरी निघताना मागे तांदूळ उधळते, तेव्हा घरातले धान्य संपावे असा काही तिचा हेतू नसतो.

सोहळ्यात पैसा उलट येतोही. नव्या साध्वीला द्यायची वस्त्रे, पात्रे, कांबळ कोणी अर्पण करायची यासाठी समाजात बोली लावतात आणि ती चांगली चढते. जी व्यक्ती यापुढे नाण्याला बोटही लावणार नाही, तिच्या लाकडी पात्रासाठी लाखांची बोली! बाहेरच्याला हे विचित्र वाटते आणि जैनांमधलेही अनेक जण त्यावर नाके मुरडतात. समर्थक म्हणतात, बोलीचा पैसा धर्मकार्यालाच जातो. दोन्ही बाजू तुम्हाला एकाच घरात ऐकायला मिळतील.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. जैन धर्म पैशाला वाईट म्हणतो आणि तरीही जैन श्रीमंत कसे, असे कोड्यात घालणारे लोक भेटतात. कोडे नाही. नियम दोन आहेत. साधूचे महाव्रत आणि गृहस्थाचे अणुव्रत. साधूने काहीच बाळगायचे नाही. गृहस्थाने स्वतःसाठी मर्यादा आखायची आणि त्यापलीकडचे देऊन टाकायचे. म्हणून तुमच्या इंदुरातच दोन्ही टोके दिसतात. इतवारिया बाजारातले काच मंदिर आठवा. बाहेरून एखाद्या शेठजींची हवेली, आत पाऊल टाकले की भिंती, खांब, छत सगळीकडे काच. ते बांधणारे सर सेठ हुकुमचंद (१८७४–१९५९) कापसाच्या आणि कापडगिरण्यांच्या व्यवसायातले बडे प्रस्थ. शहराबाहेर गोमटगिरीवर गेलात तर तिथे बाहुबलीची एकवीस फुटी मूर्ती उभी आहे, अंगावर धागाही नाही. बाहुबली राजपुत्र होता. थोरल्या भावाशी द्वंद्वात जिंकला आणि त्याच क्षणी त्याला त्या विजयाची शिसारी आली, अशी ती कथा. कोल्हापूरकडच्या वाचकांना कुंभोजची बाहुबलीची मूर्ती ठाऊक असेल, ती अठ्ठावीस फूट आहे. एका शेठजींनी काचेचे देऊळ बांधले, एका राजपुत्राने वस्त्रही ठेवले नाही. परंपरेच्या दृष्टीने दोघेही आपापल्या जागी बरोबर.

एवढ्या लहान वयात सुचते कसे, या प्रश्नाचे उत्तर असे की ते एकदम सुचत नाही. लहानपणापासून पाठशाळा. पावसाळ्याचे चार महिने साधू-साध्वी एका गावी मुक्काम करतात, त्या चातुर्मासात रोजची प्रवचने. मग ‘पौषध’, म्हणजे एक दिवस साधूसारखे राहायचे. मूर्तिपूजक श्वेतांबरांत ‘उपधान’ नावाचे तप आहे, त्यात दीड महिन्याच्या आसपास घर सोडून साधूसारखा दिनक्रम पाळायचा. एखाद्याला तेच आवडू लागले की तो ‘मुमुक्षु’ म्हणवतो, गुरूंच्या सोबत पायी फिरू लागतो आणि हे कित्येक महिने, कधी काही वर्षे चालते. दिगंबरांत पायऱ्या आणखी स्पष्ट : ब्रह्मचारी, क्षुल्लक, ऐलक आणि मग मुनी. श्वेतांबरांच्या तेरापंथात तर १९८० साली आचार्य तुलसींनी ‘समण श्रेणी’ म्हणून मधली अवस्थाच तयार केली, तिच्यातल्यांना वाहनाने प्रवास करता येतो. म्हणजे तुम्ही जी उडी पाहिलीत, तिच्याआधी ही मुलगी बराच काळ त्या पाण्यात पोहत होती.

श्रीमंतांचीच मुले का जातात, असेही तुम्हाला वाटले असेल. तीच जातात असे नाही, त्यांची बातमी होते इतकेच. बेळगाव जिल्ह्यातल्या सदलग्याचा, १९४६ साली एका शेतकरी कुटुंबात जन्मलेला विद्याधर नावाचा मुलगा १९६८ साली अजमेरला मुनी झाला. तेच आचार्य विद्यासागर. २०२४ च्या फेब्रुवारीत डोंगरगड येथे त्यांनी देह ठेवला तोवर मध्य प्रदेशातल्या दिगंबर समाजात त्यांच्याएवढा प्रभाव क्वचितच कोणाचा असेल. त्यांच्या मागोमाग आईवडिलांनी आणि धाकट्या भावांनीही दीक्षा घेतली. तिथे कोटींचा आकडा नव्हता, म्हणून मथळाही नव्हता. आणखी एक : श्वेतांबरांत साध्वींची संख्या साधूंपेक्षा बरीच जास्त असते, हेही आपल्या मनातल्या ‘करोडपती तरुण’ या चित्रात बसत नाही.

तरी श्रीमंतीचा थोडा संबंध मला दिसतो. ज्या घरात धाकटीच्या पगारावर कोणाचा हप्ता अवलंबून नाही, थोरला भाऊ पेढी सांभाळतो, आईवडिलांच्या म्हातारपणाची सोय आहे, तिथे संमती देणे जमते. ज्या मुलाच्या कमाईवर चार तोंडे जगतात, त्याला वैराग्य आले तरी गुरू म्हणतील, आधी घर सांभाळ. घर सोडायलाही घर भरलेले लागते, असे म्हणा हवे तर. २०१८ मध्ये गांधीनगरला दीक्षा घेतलेला चोवीस वर्षांचा एक सीए अशाच घरातला होता. कुटुंबाचा धातूचा धंदा, आणि सांगलीतला ॲल्युमिनियमचा व्यवसाय तो स्वतः पाहत होता. आधी काही काळ धंद्यात राहा, मग ठरव, असे घरच्यांनी म्हणणे हीही यातली नेहमीची रीत आहे.

पण सगळे इतके सुरळीत नसते. तुमच्याच माळव्यातल्या नीमचच्या एका श्रीमंत तरुण दांपत्याने २०१७ साली सुरतेत पाठोपाठ दीक्षा घेतली, तेव्हा त्यांना तीन वर्षांची मुलगी होती. ती आजोळी राहणार हे ठरलेले होते, तरी देशभर वाद झाला, आणि तो होणे मला योग्यच वाटते. दीक्षार्थीची संमती असते, आईवडिलांची असते, तीन वर्षांच्या मुलीची कोण विचारणार? याच्या उलटचा पेच लहान मुलांनीच दीक्षा घेण्याचा. २०२३ च्या जानेवारीत सुरतेत हिरे व्यापाऱ्याची आठ वर्षांची मुलगी साध्वी झाली. हा वाद जुना आहे आणि त्यात एक मराठी राजाही आहे. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी १९३३ साली आपल्या संस्थानात अज्ञान मुलांच्या संन्यास-दीक्षेला कायद्यानेच आळा घातला होता. पुढे १९५५ मध्ये मुंबई राज्याच्या विधानसभेत प्रभुदास पटवारी यांनी अशाच धर्तीचे विधेयक आणले, पण त्याला इतका विरोध झाला की ते बारगळले. तुमची शेजारीण चोवीस वर्षांची आणि अविवाहित होती, म्हणून हे दोन्ही पेच तिथे आले नाहीत.

उद्या तिला नको वाटले तर? धर्माच्या बाजूने पाहिले तर परत येता येते. कोणी साखळदंडाने बांधून ठेवत नाही. पण ते सोपेही नाही. समाजात मान खाली जाते, घरच्यांना ऐकून घ्यावे लागते. विठ्ठलपंत गुरूंच्याच सांगण्यावरून संसारात परतले तर आळंदीने त्यांचे आणि मुलांचे काय केले हे आपल्याला तोंडपाठ आहे. आजचा समाज तेवढा कठोर राहिलेला नाही, आणि परत आलेल्यांची पुढे लग्ने होऊन संसारही होतात, पण त्यांची मिरवणूक कोणी काढत नाही, म्हणून आपल्याला ते दिसत नाहीत.

कायद्याची बाजू अधिक रंजक आहे. जगाचा पूर्ण त्याग करून संन्यास घेणे हा आपल्याकडच्या न्यायालयांनी ‘नागरी मृत्यू’ मानला आहे. म्हणजे माणूस जिवंत, पण जुन्या कुटुंबाच्या मालमत्तेशी त्याचा धागा तुटलेला. मात्र नुसते वस्त्र बदलून हे होत नाही. त्या पंथाचे विधी रीतसर झाले आणि त्याग खरोखर संपूर्ण होता, हे सिद्ध करावे लागते. आणि एकदा बक्षीसपत्राने दिलेले, परत आल्यावर ‘माझे मला द्या’ म्हणून मागता येत नाही. लग्नाचे मात्र निराळे. दीक्षा घेतली की लग्न आपोआप मोडले, असा समज आहे तो चुकीचा. १९५५ चा हिंदू विवाह कायदा जैनांनाही लागू आहे आणि त्यात जोडीदाराने संसारत्याग करून धार्मिक पंथात प्रवेश करणे हे घटस्फोटाचे एक कारण म्हणून दिलेले आहे. मागे राहिलेल्याने अर्ज करायचा, तोवर कागदोपत्री विवाह शाबूत.

आता शीर्षकातला प्रश्न. पैसा तर भावाकडे गेला. मग मुलीने सोडले काय? माझ्या मते इथे बाहेरच्यांची नजर चुकते. कोट्यवधी सोडणे एका सहीचे काम आहे. पुढचे रोज करावे लागते. मे महिन्यात पंखा नाही. आंघोळ नाही. पायांत चप्पल नाही आणि इंदूरहून उज्जैनला जायचे तर पायीच. सूर्य मावळला की पाण्याचा घोटही नाही आणि दिवसा प्यायचे ते उकळलेलेच. विजेचे बटण दाबायचे नाही, फोन नाही. सकाळ-संध्याकाळ प्रतिक्रमण, म्हणजे झालेल्या दोषांची उजळणी आणि क्षमायाचना, दोन वेळा आपली वस्त्रे उलगडून त्यांत एखादा जीव अडकला नाही ना हे पाहणे. दीक्षेच्या दिवशी मुंडन न्हाव्याने केले असेल, गुरूंनी शेवटची एक बट उपटली असेल. यापुढे वर्षातून एकदोनदा सगळे केस हातानेच उपटायचे, त्याला लोच म्हणतात. नाव गेले. एकटीने राहण्याची मुभा गेली, सतत चार साध्वींच्या सोबत आणि थोरलीच्या आज्ञेत. उद्या कुठे जायचे, काय वाचायचे, कोणाशी बोलायचे हे थोरलीच ठरवणार. सीए झालेल्या, स्वतःची गाडी चालवणाऱ्या मुलीला यातले सर्वांत जड काय जात असेल, याचा विचार मी केला. मला वाटते, पैसा नक्कीच नाही. कदाचित ‘मी जरा बाहेर जाऊन येते’ हे वाक्य.

शेवटची शंका तुम्ही छोटी म्हणता, मला ती फार आवडली. हो, ती तुमच्या घरी येऊ शकते, गोचरीला. गाय जशी इथे थोडे तिथे थोडे चरते तशी अनेक घरांतून थोडी थोडी भिक्षा, असा त्या शब्दाचा अर्थ. शुद्ध शाकाहारी घर असेल आणि तिच्या थोरल्या साध्वींना वाटले तर त्या दाराशी येतील. मूर्तिपूजक पंथाच्या असतील तर ‘धर्मलाभ’ म्हणतील. तुम्ही हात जोडायचे. जुन्या नावाने हाक मारू नका, ‘महाराजसाहेब’ म्हणा. तिची आजीसुद्धा आता तसेच म्हणत असेल आणि नातीला वाकून नमस्कार तीच करत असेल. आजीला ते जड जाते की नाही, हे विचारायचे असेल तर ओट्यावर बसून आजीलाच विचारा.

फक्त एक अडचण आहे. साधूंसाठी मुद्दाम केलेले अन्न त्यांना चालत नाही. घरच्यांसाठी झालेल्यातलेच, तेही घरच्यांना कमी पडणार नाही एवढेच त्या घेतात. तेव्हा तिला लहानपणी तुमच्या हातचे पोहे आवडत असतील आणि तुम्ही आज तिच्यासाठी म्हणून बिनकांद्याचे, बिनबटाट्याचे पोहे टाकलेत, तर ते तिला घेता येणार नाहीत. चातुर्मासात तसेही बरीच मराठी घरे कांदा सोडतात. तुम्हीही सोडा. पोहे रोजच्यासारखे सगळ्यांसाठी करा आणि दार उघडे ठेवा. कोणासाठी केले, असे त्यांनी विचारलेच तर खरे उत्तर देता आले पाहिजे.